दुपारी पॉवर फॅक्टर पडतोय? सोलर इन्व्हर्टरकडून केव्हीएआर घ्या

कारखान्याच्या छतावर सोलर बसलं की ग्रिडमधून येणारे किलोवॅट घटतात, पण मोटरींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारे केव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवर, जी प्रत्यक्ष काम करत नाही) तारेतून येतच राहतात. तारेतली हानी करंटच्या वर्गानुसार वाढते, आणि करंट ठरतो तो या दोन्हींवर मिळून (दोन्ही मिळून होतात केव्हीए).

उदाहरण घ्या. थ्री-फेज ४१५ व्होल्टवर ६० किलोवॅट लोड, पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) ०.८, म्हणजे ४५ केव्हीएआर. सोलर ४० किलोवॅट देत असताना ग्रिडमधून येतात २० किलोवॅट आणि ४५ केव्हीएआर. करंट ६८ अँपिअरच्या आसपास, पॉवर फॅक्टर ०.४१! आता ५० केव्हीएचा इन्व्हर्टर ४० किलोवॅट देतानाच ३० केव्हीएआरही देऊ शकतो (५० आणि ४० च्या वर्गांच्या फरकाचं वर्गमूळ). मग ग्रिडवर उरतात २० किलोवॅट, १५ केव्हीएआर आणि ३५ अँपिअर. करंट जवळपास निम्मा, म्हणून सर्व्हिस केबलमधली हानी साधारण एक चतुर्थांशावर येते. केव्हीएएच बिलिंग (युनिट किलोवॅटऐवजी केव्हीएवर मोजणं) असेल तर बिलातही फरक दिसतो.

आधी मेन पॅनलवर किलोवॅट, केव्हीएआर आणि व्होल्टेजची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद आठवडाभर ठेवा. मग मीटर ग्रिडच्या बाजूला बसवून आरएस-४८५ केबलने (डेटाची तार) इन्व्हर्टरला जोडा, म्हणजे तो मीटर बघून केव्हीएआर देईल. मीटरची सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) आणि व्होल्टेज एकाच फेजचे हवेत. आर फेजच्या सीटीला वाय फेजचं व्होल्टेज लागलं, तर केव्हीएआरचा आकडाच खोटा येतो. इन्व्हर्टर फिक्स्ड पॉवर फॅक्टरवर सेट करून भागत नाही, कारण ढग आले की किलोवॅटबरोबर केव्हीएआरही पडतात.

चिन्हाचा घोळ सगळ्यात जास्त होतो. लीड-लॅग (केव्हीएआर देणं की घेणं) कुठल्या बाजूने मोजायचं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून लोड स्थिर असताना फक्त ५ केव्हीएआर सेट करा आणि ग्रिडचा मीटर बघा. तिथला आकडा वाढला तर चिन्ह उलटं आहे.

एपीएफसी पॅनल (गरजेप्रमाणे कपॅसिटर जोडून केव्हीएआर देणारं) आधीपासून असेल तर ते आणि इन्व्हर्टर एकमेकांशी भांडतात: कपॅसिटर टाकला की इन्व्हर्टर मागे घेतो, तो मागे आला की रिले दुसरा टप्पा टाकतो. स्थिर लोडला थोडे कपॅसिटर कायम ठेवा (ते स्वस्त पडतात), बदलता भाग इन्व्हर्टरवर सोडा. रविवारी लोड नसताना मात्र हेच कपॅसिटर पॉवर फॅक्टर लीडिंग करतात (जास्तीचे केव्हीएआर ग्रिडकडे ढकलतात), ते बंद व्हायला हवेत.

केव्हीएआर दिले की व्होल्टेज चढतं. २३० व्होल्टवर ६ टक्के वाढ ही वरची मर्यादा, म्हणजे सुमारे २४४ व्होल्ट. त्याजवळ गेलात तर मात्रा कमी करा, नाहीतर इन्व्हर्टर ट्रिप होऊन सोलरची वीजही जाईल. ग्रिड संरक्षणाच्या सेटिंगला हात लावू नका, आणि केव्हीएआरचा बदल वीज कंपनीच्या मंजुरीनेच करा.

इन्व्हर्टरमध्ये क्यू-प्रायॉरिटी (किलोवॅटआधी केव्हीएआरला प्राधान्य) टाळा. भर उन्हात ती किलोवॅट कापते. रात्री केव्हीएआर द्यायचे असतील तर इन्व्हर्टर स्वतः किती वॅट खातो ते मोजा, वाचलेल्या हानीपेक्षा ते जास्त निघालं तर रात्री बंदच बरा.