सीनकाठी निवांत जेवायचंय? मग बॅग भरताना हे बघा

पॅरिसला निघालाय ना, मग एक दुपार टूरवाल्याकडनं सोडवून घ्या आणि तिथल्या सीन नदीच्या काठावर दोन-तीन तास पसरून जेवा, पण तयारी बेळगावातनंच करायची. पहिलं म्हणजे कुंदा घरीच ठेवा. जीव तुटतोय, माहितीय, पण युरोपियन युनियनमध्ये शिरताना बाहेरचे दुधाचे-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे सगळं दूधच की ओ, कस्टमवाल्याला काय समजावत बसणार. आंबे पण नकोत, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, सूट फक्त केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियनला.

न्यायची ती कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी कडकडीत, स्टीलच्या चपट्या डब्यात मधे मधे पेपर घालून रचा, पिशवीत कोंबली तर तिथं चुराच खायला लागतोय. सोबत शेंगाचटणी, लसूण जरा जास्त, एकदम कोरडी, डबल पिशवीत. तेल तिथंच ऑलिव्हचं छोटी बाटली घ्या, खरं सांगू, चटणीवर वाईट लागत नाही. छोटा चाकू चेक-इन बॅगेतच घाला. जुनी चादर, कचऱ्याला पिशवी, आणि रिकामी बाटली, कारण गावभर हिरवे लोखंडी वॉलेस कारंजे आहेत, १८७२ पासनंचे, पाणी प्यायचं आणि फुकट (थंडीत बंद असतात). मलप्रभेकाठी जाताना नेतो तसली पातेली-स्टोव्ह मात्र नको, तिथं काठावर चूल पेटवता येत नाही.

बाकीचं त्या दिवशी सकाळी घ्यायचं, पण वार बघून. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकानं बंद, म्हणून मंगळवार धरा, त्या दिवशी लूव्र म्युझियम बंद असतं, त्यामुळे काही चुकल्याची चुटपुट पण नाही. बेकरीत शिरल्या शिरल्या आधी बाँझूर (म्हणजे नमस्कार) म्हणा, मग ‘बागेत त्रादिसियाँ’ मागा, म्हणजे पारंपरिक लांब पाव, १९९३ च्या नियमानं त्यात ॲडिटिव्ह चालत नाहीत, पीठ फ्रोझन चालत नाही. घरात कुणी कडक शाकाहारी असेल तर चीजचं आधीच सांगून टाका, कोंतेसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं विरजण, असतं, अर्धं खाऊन झाल्यावर सांगू नका.

जागा? मेट्रो लाइन ७, पाँ नफ स्टेशन. त्याच नावाच्या पुलावर चौथ्या हेन्री राजाचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्याच्या मागनं पायऱ्या खाली उतरतात, बेटाच्या टोकाला छोटी बाग, दोन्ही अंगानं नदी. नदी चढली की बंद करतात, तेव्हा निघायच्या आधी बघून घ्या. काठाला कठडा नाही, बोटी गेल्या की लाटा येतात, पोरांना मधे बसवा आणि बॅगेचा पट्टा पायात अडकवा, चोर लई सफाईदार.

टॉयलेट आधीच मॅपवर हेरून ठेवा, रस्त्यावरची ऑटोमॅटिकवाली फुकट असतात. एक जण बाहेर आला की दार लागून आतली सगळी धुलाई होते, म्हणून दार उघडं दिसलं तरी लगेच घुसायचं नाही, नाहीतर तुमची पण आंघोळ होतीय.