छळाची तक्रार करताय? या चुका टाळा

वाळूज, शेंद्रा, जालना, कुठल्याही एमआयडीसीत बघा. छळ झालेली बाई आधी सुपरवायझरला सांगते, मग एचआरच्या साहेबांना सांगते, मग वाट बघत बसते. प्रकरण तिथेच हातातून निसटायला लागतं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लेखी तक्रार मागतो, तीही तीन महिन्यांच्या आत. त्रास वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने धरायचे. उशिराचं कारण पटलं तर अशा तक्रारींची चौकशी करणारी कंपनीची अंतर्गत समिती ते लिहून ठेवून आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापुढे नाही.

पॅकिंग लाइनवरच्या एखाद्या कंत्राटी कामगार बाईचं उदाहरण घ्या. प्रकार घडला १२ जूनला. एचआर म्हणतात, "ताई, थोडं थांबा, मी त्याला समज देतो." जुलैत त्याची लाइन बदलते, बाईला वाटतं मिटलं. मग सणवार येतात. ऑक्टोबरात तो परत त्याच लाइनवर येतो, नोव्हेंबरात कंत्राटदार तिला 'ब्रेक' देतो, म्हणजे काही काळ कामावरून बसवतो. डिसेंबर संपताना ती अर्ज लिहिते. १२ डिसेंबरलाच सगळी मुदत संपलेली असते. साहेबांनी 'थांबा' म्हटलेलं कुठल्याच कागदावर नसतं आणि साहेबांना ते आठवतही नसतं.

यात कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. कोलकात्याच्या कायदा विद्यापीठातलं प्रकरण. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मधल्या काळात तक्रारदार प्राध्यापिकेला एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर केलं होतं, पण ती प्रशासकीय कारवाई छळाची पुढची घटना धरली गेली नाही. तक्रार मुदतबाह्य ठरली. कायदा शिकवणाऱ्या संस्थेत ही गत होते, तर शेकडो मैलांवरच्या कारखान्यात कंत्राटदाराच्या भरवशावर थांबून काय मिळणार?

म्हणून घटनेच्या दिवशीच तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर मांडा आणि पंधरा दिवसांच्या आत अर्ज द्या. नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. सातवी प्रत स्वतःची. तिच्यावर आवक शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी समितीच्या अध्यक्षांच्या नावे स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं कर्तव्यच आहे.

मोबाइलवर फिरणारा तयार नमुना भरून देऊ नका. त्यात 'मला मानसिक त्रास दिला, असभ्य वर्तन केले' एवढंच असतं आणि समोरचा एका ओळीत सगळं नाकारून मोकळा होतो. लिहायचं असं: 'दि. १२ जून, दुसरी शिफ्ट, साडेपाचच्या चहानंतर, स्टोअरमधल्या शेवटच्या रॅकजवळ. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले…' पुढे ते शब्द जसेच्या तसे, शिवी असली तरी. लाज समोरच्यानं बाळगायची आहे.

'मी कंत्राटदाराची माणूस, कंपनीची समिती माझी कशी?' हा गैरसमज तर मुद्दाम पसरवला जातो. कंत्राटी, रोजंदारी, प्रोबेशनवरची, शिकाऊ, सगळ्या जणी या कायद्यात येतात. दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान किंवा क्लास असेल, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

दुसरी चूक तितकीच महाग पडते: सूड सुरू झाल्यावर गप्प बसणं, किंवा केबिनमध्ये बोलावून पुढे केलेल्या टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही करणं. "अनुभवाचा दाखला चांगला देतो, कशाला नाव खराब करून घेता?" हे वाक्य ठरलेलं असतं. सही करू नका. 'घरी विचारून सांगते' म्हणून उठा. दबावाखाली सही झालीच असेल तर त्याच दिवशी ई-मेल किंवा स्पीड पोस्टानं कळवा की राजीनामा दबावानं घेतला, तो मी मागे घेते. आणि राजीनामा दिला म्हणून समितीकडे जाण्याचा हक्क जात नाही.

छळाला जोडून नोकरीची धमकी दिली, कामात अडथळा आणला, अपमानास्पद वागणूक दिली, तर कलम ३ नुसार तोही लैंगिक छळात मोडतो. शिफ्ट बदलली, ओव्हरटाइम बंद केला, मेमो दिला, की प्रत्येक वेळी तारखेसह पुरवणी अर्ज समितीला द्या. चौकशी सुरू असताना लेखी मागणी केली तर दोघांपैकी एकाची बदली किंवा बाईला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते. त्याहून उपयोगाची मागणी फार कमी जणी करतात: त्या माणसानं माझ्या कामाचा अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. नियमांत ही तरतूद स्पष्ट आहे आणि सूडाचं सगळ्यात सोयीचं हत्यार तीच काढून घेते.

आता बाकीच्या चुका.

तक्रारीचा फोटो गावातल्या किंवा शिफ्टच्या ग्रुपवर टाकू नका. गोपनीयता दोन्ही बाजूंना पाळावी लागते.

स्क्रीनशॉट पुरेसा म्हणून मूळ फोन विकू नका, चॅट उडवू नका. आपोआप पुसले जाणारे मेसेज आजच बंद करा.

'वीस हजार घ्या आणि मिटवा' ही तडजोड कायद्यात बसत नाही. समेट फक्त बाईच्या मागणीवरूनच होतो आणि पैसा त्याचा आधार असू शकत नाही.

जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर ती लैंगिक छळाच्या अर्जात एका ओळीत उरकू नका. त्यासाठी १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात द्यायची असते.

'सिद्ध झालं नाही तर तुमच्यावरच कारवाई' या धमकीला घाबरू नका. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, कायद्यातच तसं लिहिलं आहे.

सुनावणीला गैरहजर राहू नका. सबळ कारणाशिवाय ओळीनं तीन तारखा चुकल्या तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती चौकशी थांबवू शकते. वकील आत नेता येत नाही, त्यामुळे तारखांची वही सोबत ठेवा.

चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल. त्याची प्रत मागून घ्या. अपिलाला शिफारशीपासून ९० दिवस मिळतात आणि तेही असेच वाट बघण्यात जातात.