मावठ्यानंतरची तोडणी: गच्चीवरच्या बागेत या चुका टाळा

पौषात मावठा झाला आणि पुढे आठवडाभर ऊन पडलं नाही, की इंदुरात राजेंद्रनगरातल्या आमच्या गच्चीवर टोमॅटो हिरवेच लोंबत राहतात. (मावठा हा शब्द इथल्या भाजीवाल्यांच्या हिंदीतही तसाच आहे.) थंडी-पावसाने व्हायचं ते नुकसान होतंच, पण जवळपास तेवढंच आपण तोडताना आणि साठवताना करतो.

पहिली चूक वाट पाहण्याची. "अगं, झाडावर पिकलेल्याची गोडी वेगळी, राहू दे," असं सासूबाई म्हणाल्या आणि मी राहू दिले. पारा 10 अंशांच्या आसपास रेंगाळला की टोमॅटोला लाली चढत नाही, करपा हा रोग मात्र गारठ्यात आणि ओलीतच फोफावतो. आयर्लंडात 1845 पासून बटाट्याचं पीक बुडवणारा उशिरा येणारा करपा तो हाच. पानांवर पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग आणि पानामागे पांढुरकी लव दिसली, की त्याच दिवशी निरोगी फळं उतरवा. एक फळ कापून बघा: आत गर बुळबुळीत झाला असेल आणि बिया सुरीखाली न कापता सरकत असतील, तर तेवढी फळं घरात पिकतील. बिया कापल्या गेल्या तर चटणीच करा, दाण्याचं कूट सढळ घालून.

उतरवलेली फळं फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथल्या थंडीत ती पुढे धड पिकत नाहीत आणि बेचव होतात. खिडकीतल्या उन्हाचीही गरज नाही. कागदावर एकेक सुटं मांडा, शेजारी एक पिकलं केळं ठेवा. मी एकदा दोन किलो टोमॅटो एकाच टोपलीत रचले होते. त्यातल्या एकावर नखाएवढा तपकिरी डाग होता, तो मी "चालेल" म्हणून सोडला. चौथ्या दिवशी टोपली उचलली तर खालून पाणी गळत होतं.

बटाटे ओल्या मातीतून घाईने काढून धुणं ही दुसरी हमखास चूक. पाला कापा, आठ-दहा दिवस पाणी तोडा, मग काढा. माती नुसती झटका आणि अंधारात ठेवा. उजेडाने हिरवा पडलेला भाग कडू आणि विषारी असतो, तो खायचा नाही.

लसूण पातीसकट सावलीत टांगा. मटारच्या पानांवर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) आली तरी आतले दाणे चांगले असतील तर खुशाल खा.

करपलेली झाडं घरच्या खताच्या बादलीत टाकू नका. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' अल्बर्ट हॉवर्डनी याच गावात बसवली आणि 1931 साली पुस्तकात मांडली. तिच्यात ढीग पुन्हा पुन्हा उलटतात, तो चांगला तापतो. आपली बादली तशी तापत नाही, पावसाळी हवेत तर नुसती आंबते. असली झाडं कचऱ्याच्या गाडीतच द्या.

आणि त्या कुंडीत लगेच वांगी-मिरची नको, ती टोमॅटोच्याच कुळातली. माती उन्हात पसरा, फेब्रुवारीअखेर भेंडी किंवा गवार लावा.