आलामाचा विलाप: जुना स्पॅनिश रोमान्से गायला कसा शिकावा

स्पॅनिश काव्यात 'रोमान्से' या शब्दाचा अर्थ प्रेमप्रकरण नव्हे, तर गाऊन सांगितलेली कथा असा आहे. सुरुवातीसाठी आलामाचा रोमान्से निवडावा, असे मी सुचवेन, कारण तो छोटा आहे, त्याचा छंद स्वच्छ आहे आणि त्यामागचा इतिहास नेमका सांगता येतो. 1482 च्या फेब्रुवारीत कास्तीय या ख्रिस्ती राज्याच्या सैन्याने ग्रानाडाच्या मुस्लिम राज्यातील आलामा हे ठाणे अचानक हल्ला करून जिंकले. ते ग्रानाडा आणि मालागा यांच्या दरम्यान असल्यामुळे हा घाव जिव्हारी लागला, आणि पुढे दहा वर्षांनी, 2 जानेवारी 1492 रोजी, ग्रानाडाही पडले. गाणे जेत्यांच्या भाषेत आहे, पण शोक हरलेल्या राजाचा आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही, तर गाण्यात उगाच वीरश्री शिरते.

चाल ऐकण्याआधी ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि बोटांवर मोजाव्यात. आरंभ असा आहे:

पासेआबासे एल रेय मोरो
पोर ला स्युदाद दे ग्रानादा
देस्दे ला प्वेर्ता दे एल्बीरा
आस्ता ला दे बीबार्राम्ब्ला

मूरांचा (म्हणजे ग्रानाडाच्या मुस्लिमांचा) राजा ग्रानाडा शहरातून, एल्विराच्या दरवाजापासून बीबार्राम्ब्लाच्या दरवाजापर्यंत फिरत होता, एवढाच याचा अर्थ. प्रत्येक ओळीत आठ अवयव, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, असतात. अभंगाच्या अष्टाक्षरी चरणाची सवय असलेल्या मराठी माणसाला येथे घरच्यासारखे वाटेल, कारण लघु-गुरूचा हिशेब नाही. मात्र एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाच्या आरंभीचा स्वर एकाच अवयवात मिसळतात. म्हणून पहिली ओळ पा-से-आ-बा-सेएल-रेय-मो-रो अशी मोजावी. 'से' आणि 'एल' वेगळे उच्चारले, तर नऊ होतात आणि चाल अडखळते. तिसऱ्या ओळीत 'दे एल्बीरा' येथेही तेच करावे. दुसरा नियम शेवटच्या आघाताचा: तो सातव्या अवयवावर पडावा लागतो. त्यामुळे आघात ज्याच्या अंत्य अवयवावर आहे अशा शब्दाने ओळ संपली, तर सातच अवयव पुरतात आणि तिची गणना आठ अशीच होते.

यमक फक्त सम ओळींत असते आणि तेही केवळ स्वरांचे. 'ग्रानादा' व 'बीबार्राम्ब्ला' यांत आ-आ जुळते; व्यंजने जुळावीत अशी अपेक्षाच नाही. गाताना हे स्वर मोकळे ठेवावेत.

उच्चारांत आपल्याला एक आयता लाभ आहे: स्पॅनिशमधील त आणि द दंत्यच आहेत, इंग्रजी वळणाचे ट, ड अजिबात नकोत. 'व' लिहिलेला असला तरी ब म्हणावा, 'ह' लिहिलेला असला तरी तो उच्चारू नये, आणि 'रेय' मधला आरंभीचा र जिभेने थरथरवावा.

प्रत्येक कडव्यानंतर 'आय दे मी आलामा!' हे पालुपद येते. 'मी' आणि 'आलामा' एकत्र आल्याने त्यात पाचच अवयव उरतात, आणि आठांचा प्रवाह येथे तुटतो, तो तुटू द्यावा. पुढे आलामा पडल्याचे पत्र येते, राजा ते आगीत टाकतो आणि दूताला ठार करतो. येथे आवाज चढवण्याचा मोह होतो, पण कथा सांगणाऱ्याने निर्विकार राहावे आणि सगळा शोक पालुपदावर सोपवावा.

साथीसाठी लुईस दे नार्वाएझ या स्पॅनिश संगीतकाराने 1538 मध्ये वायादोलिद येथे छापलेल्या ग्रंथातील रचना उपलब्ध आहे. ती बिवेला या सहा जोडतारांच्या वाद्यासाठी लिहिलेली आहे. ते वाद्य मिळणे कठीण, म्हणून गिटारची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवावी. म्हणजे तारांमधील अंतरे बिवेलासारखी होतात आणि मूळ बोटे जशीच्या तशी ठेवता येतात. आवाज उंच असेल, तर तिसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा.