रशियन शिकताना: माणसांची नावं घडवणारे प्रत्यय

रशियनच्या पहिल्या काही धड्यांतच 'उचीतेल' म्हणजे शिक्षक भेटतो. मागोमाग 'पिसातेल' (लेखक), 'चितातेल' (वाचक), 'वदीतेल' (चालक) येतात. क्रियापदाच्या मूळ रूपाचा शेवटचा 'त्' काढून '-तेल' जोडायचं, की ते काम करणारा माणूस तयार. आघातही (शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर पडतो तो) बहुतेक वेळा क्रियापदात होता तिथेच राहतो. नवशिक्याला हे फार आवडतं आणि इथेच मराठी माणसाने जपायला हवं.

कारण आपल्याकडे '-णारा' कुठल्याही धातूला लागतो: धावणारा, गाणारा, विकणारा. '-तेल'ला ती मोकळीक नाही. 'ब्येगत्' म्हणजे धावणे, पण धावपटू 'बिगून'. 'प्येत्' म्हणजे गाणे, पण गायक 'पिव्येत्स'. एकाच दुकानात गिऱ्हाईक 'पकुपातेल' असतं आणि विक्रेता 'प्रदाव्येत्स'. यामागे नियम शोधत बसू नका. प्रत्यय ओळखता आला की वाचताना अनोळखी शब्दाचा अर्थ लागतो, आणि तो फायदा फार मोठा आहे. पण बोलताना स्वतः शब्द घडवू नका, शब्दकोशात बघा.

वहीत शब्द एकटा लिहू नये, असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. क्रियापद, माणूस आणि त्या नामाची षष्ठी, असे तिन्ही एका ओळीत लिहा. '-एत्स'मधला स्वर विभक्तीत गळतो: पिव्येत्स, पिफ्त्सा. '-ऊन' आणि '-आच' असेल तर आघात शेवटी सरकतो: बिगून, बिगुना; व्राच (डॉक्टर), व्राचा. '-ऊन'चे बरेच शब्द खोडीवर बोट ठेवणारे आहेत. 'बल्तून' म्हणजे बडबड्या, 'ल्गून' म्हणजे खोटारडा.

'-निक' बहुधा नामाला लागतो. त्यातला एक शब्द आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. 'पूत्' म्हणजे वाट, आधी 'स' म्हणजे सोबत, आणि 'स्पूत्निक' म्हणजे सहप्रवासी. ४ ऑक्टोबर १९५७ नंतर तो उपग्रह म्हणून जगभर पोचला, पण रशियनमध्ये सोबत प्रवास करणाऱ्या माणसाला आजही हाच शब्द आहे.

'-चिक' आणि '-शिक' ही एकाच प्रत्ययाची दोन रूपं. आधी त, द, स, झ अशी व्यंजनं असली की '-चिक', जसा 'ल्योच्चिक' (वैमानिक). एरवी साधारणपणे '-शिक', जसा 'कामेन्शिक' (गवंडी). मात्र 'स्ताकान्चिक' हा माणूस नाही, छोटा पेला आहे. वस्तूही याच प्रत्ययांनी बनतात: 'विक्ल्युचातेल' म्हणजे दिव्याचं बटण, 'खलदील्निक' म्हणजे फ्रिज. तेव्हा संदर्भ बघितल्याशिवाय अर्थ लावू नये.

स्त्रीलिंगाला मात्र जरा जास्त वेळ द्या. उचीतेल्नित्सा, स्तुद्येन्त्का, झुर्नलीस्त्का ही रूपं रोजची. पण 'मशिनीस्त' म्हणजे रेल्वेचा चालक, तर 'मशिनीस्त्का' म्हणजे टंकलेखिका. 'पिलोत्का' ही स्त्री वैमानिक नाही, ती लष्करी टोपी. आणि 'व्राच'ला शिष्ट असं वेगळं स्त्रीरूपच नाही. 'व्राचीखा' ऐकू येतं, पण त्यात हेटाळणी आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्या मुलामुलींनी हे पक्कं लक्षात ठेवावं, वरिष्ठ डॉक्टरांना तो शब्द वापरू नये. लिंग क्रियापदातून दाखवता येतं: 'व्राच प्रिश्ला'. आपण 'डॉक्टर आल्या' म्हणतो, अगदी तसंच.

शेवटचं, ओळख करून देताना उपयोगी पडणारं. 'केम वी रबोताइते?' म्हणजे तुम्ही काय काम करता? उत्तरात व्यवसायाचं नाव तृतीयेत येतं. शिक्षक 'उचीतेलेम', वैमानिक 'ल्योच्चिकम', डॉक्टर 'व्राचोम', गायक 'पिफ्त्सोम'. शेवटच्या दोन शब्दांत आघात 'ओम'वर आहे, तो मोठ्याने म्हणून घटवा.