ऑस्ट्रेलियातलं एज्ड केअर: बिलातला प्रत्येक आकडा कुठून येतो

एज्ड केअर होमच्या, म्हणजे वृद्धांना ठेवून त्यांची देखभाल करणाऱ्या निवासाच्या, खर्चाचे चार भाग असतात. त्यातले तीन सरकारच्या नियमांनुसार ठरतात आणि चौथा, म्हणजे खोलीची किंमत, होम ठरवतं. घासाघीस करता येते ती फक्त या चौथ्यावर. बरीच कुटुंबं नेमकं उलटं करतात. रोजच्या फीबद्दल मॅनेजरशी वाद घालतात आणि खोलीची किंमत मात्र छापील भाव समजून मान्य करतात.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात नवा एज्ड केअर कायदा लागू झाला. खालचे नियम त्या दिवसापासून कायमचं राहायला येणाऱ्यांसाठी आहेत. आधीपासून राहणाऱ्यांना साधारणपणे जुनीच पद्धत लागू असते. त्यामुळे शेजारच्या काकूंचं दोन वर्षांपूर्वीचं बिल पाहून आपला अंदाज बांधू नका. रोजच्या फीचे आणि पेन्शनचे आकडे सप्टेंबर २०२५ च्या दरांचे आहेत. दर वर्षी २० मार्च आणि २० सप्टेंबरला ते बदलतात.

पहिला भाग बेसिक डेली फी. ही सगळ्यांना लागते. एकट्या व्यक्तीच्या मूळ एज पेन्शनच्या (सरकारी वृद्धापकाळ पेन्शनच्या) ८५ टक्के, म्हणजे दिवसाला ६५.५५ डॉलर. जेवण, कपडे धुणं, साफसफाई, वीज यासाठी. पूर्ण पेन्शन मिळणाऱ्या आजींच्या हातात दर पंधरवड्याला १,१७८.७० डॉलर येतात. त्यातून ९१७.७० फीत गेले की २६१ डॉलर उरतात. औषधं, केस कापणं, फोन सगळं त्यात बसवायचं.

दुसरा भाग हॉटेलिंग काँट्रिब्युशन, म्हणजे जेवण-साफसफाईसारख्या सोयींसाठीचा जादा वाटा, दिवसाला जास्तीत जास्त २२.१५ डॉलर. ज्यांच्याकडे थोडीफार मालमत्ता किंवा उत्पन्न आहे, त्यांना हा लागतो.

तिसरा नॉन-क्लिनिकल केअर काँट्रिब्युशन, दिवसाला जास्तीत जास्त १०५.३० डॉलर. अंघोळ घालणं, चालायला मदत, करमणुकीचे कार्यक्रम अशा कामांसाठीचा हा वाटा आहे आणि तो सधन लोकांनाच पडतो. नर्सिंगचा खर्च सरकार उचलतं. या वाट्याला दोन मर्यादा आहेत: चार वर्षं, किंवा आयुष्यभरात मिळून १,३५,३१८.६९ डॉलर. जे आधी होईल ते. मर्यादेचा हा आकडाही वेळोवेळी वाढतो. घरी सपोर्ट ॲट होम (घरी मिळणारी सरकारी मदत) घेताना भरलेला वाटा या आयुष्यभराच्या मर्यादेत मोजला जातो, म्हणून ती स्टेटमेंट फेकू नका.

म्हणजे खोली सोडून दिवसाचा कमाल आकडा १९३ डॉलर. तुमच्या आईबाबांना त्यातले किती लागतील हे होम सांगू शकत नाही. ते सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याच्या पत्रातच येतं.

आधी फॉर्म, मग खोली

क्रम असा ठेवा. माय एज्ड केअर या सरकारी सेवेला १८०० २०० ४२२ वर फोन करून असेसमेंट, म्हणजे किती देखभाल लागते याची तपासणी, मागा. ते फुकट असतं, आणि मंजुरी मिळाल्याशिवाय सरकारी अनुदान सुरू होत नाही. आईबाबा तात्पुरत्या व्हिसावर असतील, तर पात्रतेचा प्रश्न याच पहिल्या फोनवर विचारा. इंग्रजी अवघड जात असेल तर टिस नॅशनल या भाषांतर सेवेच्या १३१ ४५० वर दुभाषा मागता येतो.

लगेच दुसरं काम मिळकतीच्या तपासणीचं. पेन्शन न घेणाऱ्यांनी एसए ४५७ फॉर्म भरायचा. पेन्शन घेणाऱ्यांची बरीच माहिती सेंटरलिंककडे (पेन्शन देणाऱ्या सरकारी विभागाकडे) असतेच. त्यांचं स्वतःचं घर असेल तर सहसा फक्त घराच्या माहितीचा एसए ४८५ पुरतो. उत्तर आलं की ते १२० दिवस चालतं, परिस्थिती बदललेली नसेल तर. फॉर्म भरला नाही किंवा माहिती द्यायला नकार दिला, तर मिळकत लपवलेल्यांच्या यादीत जाता आणि कमाल फी लागते. मराठी घरांत वृद्धांचा पैशाचा व्यवहार मुलांनाही पूर्ण ठाऊक नसतो. तिथेच हा फॉर्म महिनोन्महिने अडकतो.

आता आपल्या लोकांचा खास मुद्दा: पुण्यातला किंवा डोंबिवलीतला फ्लॅट. परदेशातली मालमत्ता मोजली जाते, बाजारभावाने, ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. एसबीआयमधल्या एफडी, गावाकडच्या जमिनीतला वाटा, भारतातून येणारं निवृत्तिवेतन, फ्लॅटचं भाडं, सगळं. जोडप्याच्या बाबतीत मालमत्ता कोणाच्या नावावर आहे हे बघत नाहीत. एकूण बेरजेचा अर्धा भाग प्रत्येकाचा धरतात. त्यामुळे ‘फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, आईला काही फरक पडणार नाही’ हे गणित चालत नाही. ‘मग मुलाच्या नावावर करून टाकू’ हेही नाही. आर्थिक वर्षात १०,००० डॉलर आणि पाच वर्षांत मिळून ३०,००० डॉलरपर्यंतची भेट चालते. त्यावरची रक्कम पाच वर्षं तुमच्याकडेच आहे असं धरतात.

ऑस्ट्रेलियातल्या राहत्या घराचा नियम वेगळा आहे. जोडीदार किंवा अवलंबून असलेलं मूल तिथे राहत असेल तर घर अजिबात मोजत नाहीत. रिकामं असेल किंवा भाड्याने दिलं असेल, तर किंमत कितीही असो, सुमारे २ लाख १० हजार डॉलरच (सप्टेंबर २०२५ चा आकडा) धरतात. हेच घर विकलं की सगळे पैसे मालमत्तेत येतात. त्यातून खोलीची ठेव भरली तरी एज्ड केअरच्या तपासणीत ती ठेव मालमत्ताच राहते. पेन्शनच्या तपासणीत मात्र ती मोजत नाहीत. दोन तपासण्या, दोन नियम. गोंधळ बहुतेक इथेच होतो. म्हणून घर विकण्याचा निर्णय घाईने घेऊ नका. आधी आकडेमोड करून घ्या, गरज पडल्यास एज्ड केअरची माहिती असलेल्या आर्थिक सल्लागाराकडून.

खोलीची किंमत: रॅड आणि डॅप

रॅड म्हणजे एकरकमी ठेव. डॅप म्हणजे त्याच किमतीचं रोजचं भाडं. डॅप काढायचं सूत्र सोपं आहे: खोलीची किंमत गुणिले सरकारी व्याजदर, भागिले ३६५. हा दर दर तीन महिन्यांनी जाहीर होतो. प्रवेशाच्या वेळचा दर तुम्हाला लागू राहतो. सोपं जावं म्हणून ८ टक्के धरू. ५ लाखांच्या खोलीचं वर्षाचं भाडं ४०,०००, दिवसाला १०९.५९ डॉलर. २ लाख ठेव भरली तर उरलेल्या ३ लाखांवर दिवसाला ६५.७५. नव्या पद्धतीत डॅप महागाईनुसार वर्षातून दोनदा वाढतो, हे बजेटमध्ये धरा.

रॅड पूर्वी जवळपास सगळा परत मिळायचा. आता दर वर्षी २ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं, होम स्वतःकडे ठेवतं. ५ लाखांवर पहिल्या वर्षी साधारण १०,००० डॉलर गेले समजा. तरी ८ टक्के डॅपपेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं, पण पैसा बँकेत किती व्याज कमावतो त्यावर खरं उत्तर अवलंबून आहे. डॅप ठेवीतून वळता करायचीही सोय असते, पण मग ठेव घटते, ठेव घटली की डॅप वाढतो आणि चाक फिरत राहतं.

प्रत्येक होमला खोलीची कमाल किंमत जाहीर करावी लागते. त्याहून जास्त मागता येत नाही, कमीवर मात्र सौदा होऊ शकतो. खोली बराच काळ रिकामी असेल तर नक्की विचारा. निर्णयासाठी प्रवेशानंतर २८ दिवस असतात, तोवर डॅप चालू राहतो. ‘आजच सही करा, नाहीतर खोली जाईल’ या दबावाखाली पैसे कसे भरणार ते ठरवून टाकू नका. ज्यांच्याकडे फारसं काही नाही त्यांचा खोलीचा खर्च सरकार पूर्ण किंवा अंशतः उचलतं. त्यांना जाहीर किंमत लागूच होत नाही.

भारतातला फ्लॅट विकून रॅड भरायचा विचार असेल तर वेळ हाताशी ठेवा. अनिवासी भारतीयाच्या विक्रीवर खरेदीदार टीडीएस कापतो. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या बँक खात्यात) जातात आणि तिथून आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, तेही चार्टर्ड अकाउंटंटच्या कागदपत्रांसह. हे २८ दिवसांत होत नाही. तोवर डॅप भरायचा आणि पैसे आले की रॅडवर जायचं.

जिथे जास्तीचे पैसे जातात

हायर एव्हरीडे लिव्हिंग फी, म्हणजे जादा सोयींसाठीची फी, ऐच्छिक आहे. करार प्रवेशानंतरच करता येतो आणि २८ दिवसांत मागे घेता येतो. ही फी घेतली तरच खोली देऊ, असं होमला म्हणता येत नाही. शाकाहारी किंवा जैन जेवणासाठी कोणी ही फी सुचवत असेल, तर नेमकं काय जास्त मिळणार ते लेखी मागा.

भारतवारीचा हिशेब आधी करा. वर्षाला ५२ रात्रींची सामाजिक रजा मिळते आणि त्या काळातही फी चालू राहते. त्यापुढे गैरहजर राहिलात तर बुडालेलं सरकारी अनुदानही होम तुमच्याकडून मागू शकतं. लग्नसराईला तीन महिने जायचं ठरवलंत तर बिल चांगलंच फुगेल.

आई होममध्ये आणि बाबा घरी, असं असेल तर सेंटरलिंकला लगेच कळवा. आजारपणामुळे वेगळं राहणाऱ्या जोडप्यातल्या दोघांनाही एकट्याचा, म्हणजे जास्त, पेन्शन दर मिळतो. मागितल्याशिवाय तो आपोआप लागेलच असं नाही.

कायमचा निर्णय होत नसेल तर रेस्पाइट, म्हणजे होममधला थोड्या दिवसांचा मुक्काम, घेऊन बघा. आर्थिक वर्षात ६३ दिवस, फक्त बेसिक डेली फीवर. खोलीचे पैसे नाहीत, मिळकतीची तपासणी नाही. होमचं जेवण, रात्रपाळीचा स्टाफ आणि भाषेची अडचण याचा अंदाज इतक्या स्वस्तात दुसरीकडे येत नाही.

शेवटी ठेव परत मिळण्याबद्दल. दुसरीकडे जाणार असाल तर १४ दिवसांहून जास्त आधी नोटीस द्या, म्हणजे निघायच्या दिवशीच पैसे मिळायला हवेत. मृत्यूनंतर मात्र प्रोबेट किंवा लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (वारसांना इस्टेट हाताळायला देणारे कोर्टाचे आदेश) दाखवल्यापासून १४ दिवसांत ठेव परत येते, तोवरचं व्याज धरून. होम बुडालं तरी या ठेवीला सरकारची हमी आहे. उशीर होतो तो बहुधा मृत्युपत्र नसल्यामुळे, म्हणून रॅड भरायच्या आधीच तुम्ही राहता त्या राज्याच्या कायद्यानुसार मृत्युपत्र आणि एंड्युरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी (विचारशक्ती गेली तरी लागू राहणारं मुखत्यारपत्र) करून घ्या.