मुलांच्या कन्सोलवर मित्र जोडताय? या चुका टाळा

नात्यात कुणाकडे टीव्हीवर गेम खेळायचा नवा कन्सोल आला की मला दोन फोन ठरलेले. पहिला त्याच दिवशी, "गेम सुरूच होत नाहीये." दुसरा दोन-तीन महिन्यांनी, "कुणीतरी पोराला काहीबाही मेसेज पाठवतंय." दुसऱ्या फोनचं कारण बहुतेकदा पहिल्याच दिवशी केलेल्या घाईत सापडतं.

खोटं जन्मसाल. ही माझी सर्वात नावडती चूक. खरं वय टाकलं की पालकाचं खातं जोडा, परवानगी द्या, असं मशीन विचारत बसतं. मागे पोरगं उड्या मारत असतं, मग बाबा वैतागून 1990 टाकून मोकळे होतात. आता मशीनच्या लेखी तुमचं आठ वर्षांचं लेकरू तिशी ओलांडलेला बाप्या. मेसेज कोण पाठवू शकेल, खर्च किती करता येईल, यांवर मुलांच्या खात्याला असणारे लगाम त्याला लागतच नाहीत. प्लेस्टेशनवर तर मोठ्यांचं खातं नंतर मुलाचं करून मिळत नाही. नवं काढावं लागतं, आणि कमावलेल्या ट्रॉफ्या, म्हणजे गेममध्ये मिळवलेली बक्षिसं, जुन्यावरच राहतात. त्यानंतरची रडारड तुम्हीच निस्तरायची. दहा मिनिटं वाचवून काय मिळवलंत?

नाव ओळखीचं दिसलं म्हणून रिक्वेस्ट स्वीकारणं. माझा भाचा नऊ वर्षांचा. वर्गमित्राच्या नावाने रिक्वेस्ट आली, त्याने लगेच घेतली. "जुनं खातं गेलं, हे नवं," असं मित्राने म्हणे लिहिलं होतं. दोन दिवसांनी मागणी आली, "आईच्या फोनवर आकडे येतील ते सांग, फुकट स्किन देतो." स्किन म्हणजे गेममधल्या पात्राचा पोशाख. ताईच्या फोनवर तसा कोड लागोपाठ दोनदा आला म्हणून तिने मला फोन केला, नाहीतर खातं गेलंच होतं. मी जाऊन टीव्हीसमोर बसलो. खऱ्या मित्राच्या नावात इंग्रजी छोटा एल होता, याच्यात मोठा आय. पडद्यावर दोन्ही नुसत्या उभ्या काठ्या! प्रोफाइल उघडलं तर ट्रॉफ्या शून्य. खऱ्या मित्राच्या शेकड्याने. त्याच्या आईला फोन लावला, तर त्याचा कन्सोल परीक्षेपायी आठवडाभर कपाटात बंद.

तेव्हापासून आमच्याकडे रिवाज असा: आधी मित्राच्या घरी फोन, मग रिक्वेस्ट, आणि ती स्वीकारेपर्यंत फोन चालूच. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर मित्र जोडायला 12 आकडी फ्रेंड कोड असतो, तो मी मुलांना कागदावर लिहून एकमेकांच्या हातात द्यायला लावतो. माझ्या या पद्धतीला घरचे हसतात. हसू देत. एक्सबॉक्सवाल्यांनी फॅमिली सेटिंग्ज अॅप फोनवर घ्यावं. मुलाच्या मित्रांना मंजुरी तिथून देता येते.

नको असलेला मित्र कन्सोलवरून काढला म्हणजे गेला, असं समजणं. फोर्टनाइटसारख्या गेममध्ये एपिकच्या, म्हणजे तो गेम बनवणाऱ्या कंपनीच्या, खात्याची मित्रयादी वेगळी असते. तिथूनही काढा. गेममधल्या व्हॉइस चॅटची सेटिंगही वेगळी उघडून पाहा.

रागाच्या भरात नुसतं ब्लॉक करणं. आधी तक्रार, मग ब्लॉक. पीएस5वर (प्लेस्टेशन 5) पार्टीतल्या, म्हणजे मित्रांच्या ग्रुप व्हॉइस चॅटमधल्या, बोलण्याची तक्रार करायची तर शेवटच्या पाच मिनिटांतलाच तुकडा जोडता येतो. "रविवारी निवांत बघू" म्हणणाऱ्यांच्या हाती काही उरत नाही.

मुलाला ओरडणं. ओरडलात तर पुढचा मेसेज तो तुम्हाला दाखवणार नाही. एवढंच.

मोठ्या भावंडाच्या खात्यावर खेळू देणं. धाकट्याचं खातं वेगळं काढाच. मर्यादा खात्याला लागतात, खेळणाऱ्याच्या वयाला नाही.

सोपा पिन. पालकांच्या सेटिंगला मुलाची जन्मतारीख ठेवू नका. भाच्याने आमचा पिन तिसऱ्या प्रयत्नात ओळखला. पहिल्या दोन वेळा त्याने माझी आणि ताईची तारीख टाकून पाहिली होती.